दोन सबवूफर, एक मोनो ॲम्प्लिफायर आणि टर्मिनलच्या दोन जोड्या : एका जोडणीचे प्रकरण

परिस्थिती

गाडीच्या डिक्कीत एकाच बंद पेटीत १२ इंची दोन सबवूफर (फक्त खालचे सूर, म्हणजे बेस, वाजवणारे स्पीकर) बसवलेले होते. प्रत्येक सबवूफरला दोन व्हॉइस कॉइल (स्पीकरचा शंकू, म्हणजे पडदा, हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या) होत्या, प्रत्येक कॉइल ४ ओहमची होती आणि प्रत्येक सबवूफर सलग पेलू शकेल अशी शक्ती २५० वॉट आरएमएस इतकी होती. त्यांना चालवणारा ॲम्प्लिफायर मोनो (एकाच आउटपुटचा), क्लास-डी (कमी तापणाऱ्या स्विचिंग पद्धतीच्या) प्रकारचा होता. त्याच्या माहितीपत्रकात ४ ओहमवर ३०० वॉट आणि २ ओहमवर ५०० वॉट असे आकडे दिलेले होते, आणि भार (आउटपुटला जोडलेल्या कॉइलचा एकूण रोध) २ ओहमच्या खाली नेऊ नये अशी सूचनाही होती. कागदावर हा मेळ चोख दिसतो : अडीचशे आणि अडीचशे मिळून पाचशे, आणि ॲम्प्लिफायरही पाचशेचा. खरेदी याच बेरजेवर झाली होती. या बेरजेत ओहम कोठेच नव्हते, आणि सगळी अडचण तिथून सुरू झाली.

तक्रार अशी होती की आवाज मध्यम असेपर्यंत सर्व काही सुरळीत चाले, परंतु आवाज चढवून बेसप्रधान संगीत लावले की दहा-पंधरा मिनिटांत ॲम्प्लिफायरवरचा हिरवा दिवा जाऊन लाल दिवा लागे आणि सबवूफर मुके होत. काही मिनिटे थांबले की ते आपोआप पुन्हा वाजू लागत. उन्हात उभी राहिलेली गाडी असेल तर हे लवकर घडे. रात्री मोठ्या ठोक्यासरशी हेडलाइट किंचित मंदावत असत. या तक्रारीवर गाडीमालकाला निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे उपाय सुचवले गेले होते : एकाने ॲम्प्लिफायरवर पंखा बसवून दिला होता, दुसऱ्याने एक फॅरडचा कपॅसिटर लावण्यास सांगितले होते आणि तिसऱ्याने ॲम्प्लिफायरच सदोष ठरवला होता. पंख्याने एवढेच झाले की आवाज बंद पडायला थोडा अधिक वेळ लागू लागला.

कपॅसिटरच्या सल्ल्याबद्दल इथेच लिहून टाकतो, कारण तो फार सर्रास दिला जातो. एक फॅरडचा कपॅसिटर १४ व्होल्टवरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना सुमारे २६ ज्यूल ऊर्जा देतो. ॲम्प्लिफायर ६०० वॉट खेचत असेल तर ही ऊर्जा सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आसपास संपते. ठोक्याच्या अगदी पहिल्या क्षणाला तिचा थोडा आधार मिळतो, इतकेच. दहा मिनिटांनी तापून बंद पडणाऱ्या यंत्रणेचा आणि कपॅसिटरचा काही संबंध नाही.

लाल दिवा काय सांगतो

ॲम्प्लिफायरचे संरक्षण साधारणपणे चार कारणांनी सुरू होते : आतले तापमान वाढल्यास, आउटपुटला मर्यादेपेक्षा जास्त करंट गेल्यास किंवा शॉर्ट झाल्यास, पुरवठ्याचे व्होल्टेज फार खाली गेल्यास, आणि आतील बिघाडामुळे स्पीकरच्या तारेवर डीसी व्होल्टेज आल्यास. दिवा चारही वेळा तोच लागतो, त्यामुळे दिव्याच्या रंगापेक्षा तो केव्हा लागतो आणि केव्हा विझतो हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. आतील बिघाड असेल तर तो चालू करताक्षणीच दिसतो आणि थांबल्याने सुधारत नाही. शॉर्ट असेल तर आवाज थोडा वाढवला तरी तत्काळ बंद पडते. पुरवठा कमी पडत असेल तर प्रत्येक मोठ्या ठोक्याला आवाज तुटून लगेच परत येतो. इथे बंद पडायला वेळ लागत होता, उन्हाने तो वेळ कमी होत होता आणि गार झाल्यावर सर्व पूर्ववत होत होते. म्हणजे हे संरक्षण उष्णतेचे होते, आणि ज्या ॲम्प्लिफायरला सदोष ठरवले गेले होते तो आपले काम बिनचूक करत होता.

ॲम्प्लिफायर तापण्याची कारणे दोनच संभवतात : त्याला हवा मिळत नाही, किंवा त्याच्याकडून झेपेल त्याहून अधिक करंट मागितला जातो. पंख्याने पहिले कारण बऱ्याच अंशी बाद झाले होते. म्हणून तपासणी स्पीकरच्या बाजूने सुरू केली.

भाराची मोजणी

ॲम्प्लिफायरवर स्पीकरसाठी टर्मिनलच्या दोन जोड्या होत्या, म्हणजे दोन अधिक आणि दोन उणे असे चार स्क्रू. डाव्या जोडीला डावा सबवूफर आणि उजव्या जोडीला उजवा, अशी जोडणी केलेली होती. प्रत्येक सबवूफरच्या दोन्ही कॉइल समांतर होत्या : अधिकला अधिक, उणेला उणे. जोडणी करणाऱ्याचा हिशेब सरळ होता. दोन ४ ओहम समांतर, म्हणजे २ ओहम, आणि ॲम्प्लिफायरला २ ओहम चालतात, मग प्रत्येक बाजूला २ ओहम दिले की झाले.

बॅटरीची उणे तार काढून, ॲम्प्लिफायरवरून स्पीकरच्या चारही तारा सोडवल्या. मल्टिमीटरच्या दोन्ही काड्या एकमेकींना टेकवल्यावर ०.२ ओहम दिसत होते. हा मीटरच्या तारांचा स्वतःचा रोध असतो आणि इतक्या लहान मोजणीत तो वजा केल्याशिवाय आकड्याला अर्थ राहत नाही. तो वजा जाता डाव्या सबवूफरचे वाचन १.८ ओहम आले आणि उजव्याचेही १.८. मल्टिमीटर डीसी रोध मोजतो आणि कॉइलचा डीसी रोध तिच्यावर छापलेल्या इम्पिडन्सपेक्षा (बदलत्या प्रवाहाला होणाऱ्या रोधापेक्षा) थोडा कमीच असतो. ४ ओहमची कॉइल साधारण ३.२ ते ३.७ ओहम दाखवते. म्हणून १.८ हे वाचन २ ओहमच्या जोडणीला अगदी साजेसे होते. इथपर्यंत जोडणी करणाऱ्याचा हिशेब बरोबर ठरला.

त्यानंतर मीटरची एक काडी ॲम्प्लिफायरच्या डाव्या अधिक स्क्रूवर आणि दुसरी उजव्या अधिक स्क्रूवर ठेवली. मीटर वाजला आणि वाचन काड्यांच्या स्वतःच्या ०.२ ओहमवरच थांबले, म्हणजे दोन स्क्रूंमध्ये रोध जवळजवळ शून्य होता. दोन्ही उणे स्क्रूंमध्येही तसेच आढळले. टर्मिनलच्या दोन जोड्या आतून एकच होत्या. मोनो ॲम्प्लिफायरला आउटपुट एकच असते. दोन सबवूफरच्या जाड तारा एका स्क्रूखाली कोंबाव्या लागू नयेत एवढ्यासाठी बहुतेक उत्पादक टर्मिनलची दुसरी जोडी देतात. डावा सबवूफर डाव्या जोडीला आणि उजवा उजव्या जोडीला लावणे म्हणजे दोघांना एकमेकांशी समांतर जोडणेच होय. त्यामुळे २ ओहम आणि २ ओहम मिळून ॲम्प्लिफायरसमोर प्रत्यक्षात १ ओहमचा भार उभा होता. दोन्ही सबवूफरच्या तारा एकत्र धरून मोजल्यावर ०.९ ओहम आले.

माझ्या मते ही चूक निष्काळजीपणाची नाही. स्टीरिओ ॲम्प्लिफायर पाहण्याची सवय असलेल्या माणसाला चार स्क्रू दिसले की दोन चॅनेल दिसतात, आणि माहितीपत्रकांत ही बाब एखाद्या आकृतीच्या कोपऱ्यात दडलेली असते. दोन चॅनेलचा ॲम्प्लिफायर ब्रिज करून, म्हणजे दोन्ही चॅनेलचे मिळून एक आउटपुट करून, वापरला जातो तेव्हा याच जातीचा घोळ उलट दिशेने होतो : ब्रिज केलेल्या आउटपुटला ४ ओहम जोडले की आतल्या प्रत्येक चॅनेलला २ ओहमचा भार जाणवतो, आणि ‘आपण तर चारच ओहम लावले’ असे म्हणत लोक ॲम्प्लिफायर तापण्याचे कारण शोधत बसतात.

एका ओहमने काय होते

२ ओहमवर ५०० वॉट देताना ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवर सुमारे ३१.६ व्होल्ट असतात आणि करंट सुमारे १५.८ ॲम्पिअर असतो. ॲम्प्लिफायर आपल्या परीने व्होल्टेज देत राहतो. करंट किती जायचा हे भार ठरवतो. तेच ३१.६ व्होल्ट १ ओहमवर दिले तर करंट दुप्पट होतो. आउटपुटच्या मॉस्फेटमध्ये (शक्ती सोडणाऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये) होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती चौपटीच्या घरात जाते. उष्णताशोषक पत्रा मात्र तेवढाच राहतो.

इथे कोणीही विचारील की मग फ्यूज का उडाला नाही. ॲम्प्लिफायरच्या अंगावर ३० ॲम्पिअरचे दोन फ्यूज होते. १ ओहमवर पूर्ण शक्तीची सलग साइन लहर वाजवली असती तर पुरवठ्याकडून ९० ॲम्पिअरच्या आसपास मागणी झाली असती आणि फ्यूज नक्कीच गेले असते. संगीत तसे सलग नसते. ठोका क्षणभर येतो, मध्ये मोकळीक असते, आणि सरासरी शक्ती शिखराच्या बरीच खाली राहते. फ्यूजची तार तेवढ्यात वितळत नाही, पण ॲम्प्लिफायरच्या आत उष्णता साठत जाते आणि काही मिनिटांनी तापमापक यंत्रणा आउटपुट तोडते.

ॲम्प्लिफायरच्या या फ्यूजवरून आणखी एक गोष्ट ताडता येते. दोन फ्यूज मिळून ६० ॲम्पिअर, गाडी चालू असताना १३.८ व्होल्ट, आणि क्लास-डीची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर बाहेर येणारी शक्ती जास्तीत जास्त ६६० वॉटच्या आसपास ठरते. त्यामुळे ५०० वॉट आरएमएस हा दावा प्रामाणिक होता, आणि त्याच ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले ‘२००० वॉट’ निव्वळ शोभेचे होते. सीईए-२००६ या मानकानुसार दिलेला आकडा १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या भाराला आणि १ टक्क्याहून अधिक विकृती न होऊ देता मोजलेला असतो. खरेदी करताना विश्वास ठेवायचा तर अशा आकड्यावर ठेवावा.

या टप्प्यावर नेहमी एक युक्तिवाद केला जातो, आणि तो पूर्णपणे निराधारही नाही. स्पीकरचा इम्पिडन्स स्थिर नसतो; पेटीतल्या अनुनादाच्या (रेझोनन्सच्या) आसपास तो छापील आकड्याच्या कितीतरी पट चढतो, म्हणून १ ओहमची जोडणी प्रत्यक्षात १ ओहम नसतेच, असे सांगितले जाते. चढतो हे खरे आहे. परंतु तो एका विशिष्ट वारंवारतेभोवती चढतो आणि तिच्यापासून दूर गेल्यावर पुन्हा डीसी रोधाच्या जवळ येतो. सबवूफरला मिळणाऱ्या पट्ट्याचा बराचसा भाग या खालच्या पातळीवरच वाजतो. ॲम्प्लिफायरने कोणता करंट सोसायचा हे इम्पिडन्सच्या तळावरून ठरते, आणि इथे तो तळ ०.९ ओहमच्या लगतच होता.

कोणत्या जोडण्या शक्य होत्या

४ ओहमच्या एकूण चार कॉइल हाताशी होत्या. चारही कॉइलना समान शक्ती मिळेल अशा बेताने त्या जोडल्या तर तीनच उत्तरे येतात : सर्व समांतर जोडल्यास १ ओहम, सर्व एकसर (एकामागे एक, सीरीजमध्ये) जोडल्यास १६ ओहम, आणि दोन एकसर जोड्या समांतर जोडल्यास, किंवा दोन समांतर जोड्या एकसर जोडल्यास, ४ ओहम. ॲम्प्लिफायर ज्या २ ओहमवर आपली पूर्ण शक्ती देतो ते २ ओहम या संचातून निघतच नाहीत. हाच संच २ ओहमच्या कॉइलचा असता तर अर्धा, २ आणि ८ ओहम असे पर्याय मिळाले असते आणि ५०० वॉटची मूळ बेरीज जमली असती. दुकानात सबवूफरचा आकार, वॉट आणि जाळीचा रंग पाहिला जातो; कॉइलचा आकडा पाहून तो ॲम्प्लिफायरच्या माहितीपत्रकाशी ताडणारे गिऱ्हाईक क्वचित भेटते, आणि विकणारेही त्याबाबत फारसे उत्सुक नसतात. वास्तविक दोन कॉइलच्या सबवूफरमध्ये सर्वांत आधी ठरवायची बाब तीच आहे.

गाडीमालकाने दोन सूचना मांडल्या. त्यांतली पहिली बरीच चतुर होती : प्रत्येक सबवूफरची एकच कॉइल वापरावी, दुसरी मोकळी सोडावी, म्हणजे ४ आणि ४ समांतर होऊन नेमके २ ओहम मिळतील. ओहमच्या हिशेबाने हे बरोबर आहे. मात्र २५० वॉट ही क्षमता दोन्ही कॉइल मिळून असते. एका कॉइलच्या वाट्याला १२५ वॉट येतात आणि तिला २५० वॉट दिले जाणार होते. शिवाय अर्धीच कॉइल काम करत असल्याने शंकूला ढकलणाऱ्या यंत्रणेची कार्यक्षमता निम्मी होते, म्हणजे ५०० वॉट देऊनही २५० वॉट दिल्याइतकाच आवाज मिळतो, आणि विद्युत अवरोधनही (शंकूची जास्तीची हालचाल आवरणारी कॉइलची पकड) निम्मे झाल्याने बेस सैल व घुमल्यासारखा येतो. दुप्पट धोका पत्करून कमी आवाज, असा तो व्यवहार ठरला असता. (कोणी एक कॉइल मोकळी सोडतच असेल तर तिची टोके एकमेकांना जोडू नयेत. शॉर्ट केलेली कॉइल शंकूला ब्रेक लावल्यासारखी अडवते.)

दुसरी सूचना एक सबवूफर काढून टाकण्याची होती. उरलेल्या सबवूफरच्या कॉइल समांतर ठेवल्या की २ ओहम आणि पूर्ण ५०० वॉट मिळाले असते, परंतु ते २५० वॉटच्या सबवूफरला. आवाजाच्या दृष्टीनेही त्यात लाभ नव्हता. तेवढ्याच शक्तीवर एकाऐवजी दोन सबवूफर वाजले तर सुमारे ३ डेसिबल अधिक मिळतात, तर ३०० वरून ५०० वॉटवर जाण्याने फक्त २.२ डेसिबल वाढतात. अर्थात ३०० वॉटवरचे दोन सबवूफर हे ५०० वॉटवरच्या एकापेक्षा थोडे पुढेच राहतात आणि प्रत्येकाला १५०च वॉट मिळत असल्याने निर्धास्त वाजतात.

१ ओहमवर स्थिर चालणारा दुसरा ॲम्प्लिफायर घेणे हा सरळ मार्ग होता, पण त्यामागोमाग नवी केबल आणि चार्जिंग यंत्रणेवर अधिक ताण येणार होता. हातातले सामान कायम ठेवायचे तर ४ ओहम हे एकच उत्तर उरत होते. निवडीत २.२ डेसिबल गमवावे लागत होते आणि ते मी लपवले नाही. अगदी चढ्या आवाजाला शेजारी-शेजारी तुलना केल्यास तेवढा फरक जाणकार कानाला कळतो. रोजच्या ऐकण्यात तो कळेल असे मला वाटत नाही.

बदल

४ ओहमकडे जाण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात प्रत्येक सबवूफरच्या दोन कॉइल एकसर जोडून त्याला ८ ओहमचा करावा आणि मग दोन्ही सबवूफर समांतर जोडावेत. दुसऱ्यात प्रत्येकाला २ ओहमचा ठेवून दोन्ही सबवूफर एकसर जोडावेत. गणित एकच असले तरी मी पहिला मार्ग निवडला. त्यात एखादी कॉइल जळून तुटली तर फक्त तो सबवूफर बंद पडतो, भार ८ ओहम होतो आणि ॲम्प्लिफायर सुरक्षित राहतो. दुसऱ्या मार्गात एक कॉइल तुटली तर तिच्या सबवूफरची उरलेली कॉइल एकटीच सगळा करंट वाहते आणि तीही लवकरच जाते. पहिल्या मार्गाची आणखी एक सोय अशी की ॲम्प्लिफायरवरच्या टर्मिनलच्या दोन जोड्या आता खरोखर उपयोगी पडतात : डावा ८ ओहमचा सबवूफर डाव्या जोडीला, उजवा उजव्या जोडीला. बाहेरच्या तारा होत्या तशाच राहिल्या. बदल फक्त सबवूफरच्या चौकटीवर झाला.

मूळ जोडणीत प्रत्येक सबवूफरवर तारेचे दोन तुकडे होते, एक दोन्ही अधिक टर्मिनल जोडणारा आणि एक दोन्ही उणे जोडणारा. ते दोन्ही काढून त्यांच्या जागी एकच तुकडा लावला : पहिल्या कॉइलच्या उणेपासून दुसऱ्या कॉइलच्या अधिकपर्यंत. ॲम्प्लिफायरची अधिक तार पहिल्या कॉइलच्या अधिकला आणि उणे तार दुसऱ्या कॉइलच्या उणेला आली. जुने तुकडे आधी काढून मगच नवा लावावा, कारण जुन्यांपैकी एकही जागेवर राहिला तर एक कॉइल पूर्णपणे शॉर्ट होते आणि मीटरवर भार ठीकठाक वाटेल असा आकडा दिसू शकतो. म्हणूनच सबवूफर पेटीत परत बसवण्यापूर्वी प्रत्येकाचे वाचन घेतले. प्रत्येकी ७.२ ओहम आणि दोन्ही एकत्र ३.६ ओहम आले. एखाद्याचे वाचन ३.६ आले असते तर तुकडा चुकला असे समजावे लागले असते.

रोध बरोबर आला म्हणून ध्रुवता बरोबर आहे असे होत नाही. एकाच सबवूफरच्या दोन कॉइल उलटसुलट जोडल्या गेल्या तर त्या एकमेकींचे बल खोडून काढतात, शंकू जागचा हलत नाही आणि सगळी शक्ती उष्णतेत जाते. मीटर मात्र तेव्हाही ७.२ ओहमच दाखवतो. याची परीक्षा दीड व्होल्टच्या सेलने होते. सेलचे अधिक टोक सबवूफरच्या अधिक तारेला आणि उणे टोक उणेला क्षणभर टेकवले की शंकूने बाहेर यायला हवे. दोन्ही शंकू एकाच दिशेने, बाहेर, सारख्याच झटक्याने आले. एक बाहेर आणि एक आत गेला असता तर एकाच पेटीत ते एकमेकांची हवा गिळत बसले असते.

पुरवठ्याची बाजू

मूळ कारण सापडले होते, तरीही हेडलाइट मंदावण्याची तक्रार वेगळी तपासणे आवश्यक होते. जोडणी बदलण्यापूर्वी, इंजिन चालू ठेवून, तक्रार उद्भवते त्या आवाजाला चाचणीचा सूर थोडा वेळ वाजवून मोजणी करून ठेवली होती. क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती पकडून करंट मोजणाऱ्या मीटरवर) ६० ॲम्पिअरच्या आसपास करंट दिसत होता. बॅटरीवर १३.९ व्होल्ट आणि ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलवर १२.३ व्होल्ट, म्हणजे वाटेत १.६ व्होल्ट गळत होते. ते कोठे गळतात हे पाहण्यासाठी मीटरची एक काडी बॅटरीच्या अधिक टोकाला आणि दुसरी ॲम्प्लिफायरच्या अधिक टर्मिनलला लावली. १.० व्होल्ट आले. उणे बाजूला हेच केल्यावर ०.६ व्होल्ट आले.

अधिक बाजूची केबल ८ गेजची (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड), सुमारे पाच मीटर लांब आणि तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची होती. शुद्ध तांब्याच्या ८ गेज केबलचा रोध दर मीटरला साधारण २ मिलीओहम असतो. मुलाम्याच्या केबलचा त्याच्या दीडपटीहून अधिक. पाच मीटरला सुमारे १६ मिलीओहम आणि ६० ॲम्पिअर यांचा गुणाकार १ व्होल्टच्या जवळ जातो, त्यामुळे केबलमध्ये जोडाचा किंवा तुटीचा दोष नव्हता. ती या कामाला लहान होती, इतकेच. अर्थची, म्हणजे उणे बाजू गाडीच्या पत्र्याला जोडण्याची, गोष्ट निराळी होती. अर्थची लांब तार सीटबेल्टच्या बोल्टखाली, रंगावरच दाबून बसवलेली होती. रंग म्हणजे विद्युतरोधक थर. जो काही संपर्क होत होता तो बोल्टच्या आट्यांतून. हा बोल्ट प्रवाशाचा जीव वाचवण्यासाठी विशिष्ट जोर लावून आवळलेला असतो आणि त्याच्याखाली काहीही अडकवू नये, हे वेगळे सांगण्याची वेळ यायला नको होती. त्याजवळच पत्र्यावर नवी जागा निवडून, खाली पेट्रोलची टाकी किंवा नळी नाही याची खात्री करून, पॉलिश पेपरने रंग चमकत्या धातूपर्यंत घासला, क्रिंप केलेला लग नट-बोल्टने आवळला आणि गंज चढू नये म्हणून वरून रंगाचा हात दिला. तारेची लांबी कमी करून सुमारे ४० सेंटीमीटर केली.

सर्वांत गंभीर बाब तक्रारीत नव्हतीच. मुख्य फ्यूज डिक्कीत, ॲम्प्लिफायरशेजारी बसवलेला होता. फ्यूज ॲम्प्लिफायरसाठी नसतो, केबलसाठी असतो. इंजिनच्या बाजूने केबल पत्र्यातून आत येते तिथे तिचे आवरण घासून तांबे पत्र्याला लागले असते, तर बॅटरीचा सगळा करंट त्या मार्गाने वाहिला असता आणि डिक्कीतल्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागला नसता. त्या भोकाला रबरी ग्रोमेटही नव्हते आणि केबलच्या आवरणावर पत्र्याच्या कडेची खूण उमटलेली दिसत होती. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत आणला, ग्रोमेट बसवले, दुखावलेला भाग कापून केबल नव्याने जोडली आणि फ्यूज ६० ॲम्पिअरचा होता तो ४० ॲम्पिअरचा केला, कारण ४ ओहमवर ३०० वॉट देताना मागणी २७ ॲम्पिअरच्या घरात राहते आणि मुलाम्याच्या ८ गेज केबलवर ६० चा फ्यूज मुळातच जास्त होता.

गेन आणि फिल्टर

ॲम्प्लिफायरवरचा गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) जवळजवळ शेवटपर्यंत फिरवलेला होता आणि बेस बूस्ट पूर्ण १२ डेसिबलवर होते. १२ डेसिबल म्हणजे त्या वारंवारतेला सुमारे १६ पट शक्तीची मागणी. ही मागणी कोणताही ॲम्प्लिफायर पुरवू शकत नाही. लहरीचे माथे सपाट होतात आणि सबवूफरला आवाजाऐवजी उष्णता मिळते. बूस्ट शून्यावर आणले. गेन बसवण्यासाठी सबवूफरच्या तारा काढल्या, स्टीरिओचे सर्व टोन नियंत्रण सपाट ठेवले, आवाज तीन-चतुर्थांश ठेवून ५० हर्ट्झचा सूर वाजवला आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावला. ३०० वॉट गुणिले ४ ओहम यांचे वर्गमूळ ३४.६ व्होल्ट येते; गेन ३३ व्होल्टवर थांबवला. मल्टिमीटरला लहरीचा आकार दिसत नाही, त्यामुळे ही पद्धत ऑसिलोस्कोपइतकी काटेकोर नाही, पण गाडीशेजारी उभे राहून करण्याजोगी आहे. लो-पास फिल्टर (फक्त खालचे सूर पुढे जाऊ देणारा) ८० हर्ट्झवर ठेवला आणि दरवाजांतल्या स्पीकरना स्टीरिओमधूनच ८० हर्ट्झचा हाय-पास (फक्त वरचे सूर पुढे जाऊ देणारा) लावला.

परिणाम

पूर्वी जिथे ॲम्प्लिफायर हार मानत असे त्या आवाजाला, त्याच प्रकारचे संगीत, पंखा बंद ठेवून अर्धा तास वाजवले. लाल दिवा लागला नाही. ॲम्प्लिफायरच्या पत्र्यावर आधी हात ठेवता येत नसे. आता तो कोमट होता. चाचणीच्या सुराला करंट २७ ॲम्पिअर, अधिक केबलमधील गळती ०.४५ व्होल्ट आणि अर्थच्या बाजूची ०.०५ व्होल्ट आली. हेडलाइटचे मंदावणे डोळ्यांना दिसेनासे झाले. आवाज कमी झाल्याची जी भीती गाडीमालकाला होती तिच्याबाबत त्याचे म्हणणे असे पडले की बेस आता अधिक नेमका वाजतो. माझ्या मते यात जोडणीपेक्षा बूस्ट आणि गेन खाली आणल्याचा वाटा मोठा आहे : पूर्वीचे ५०० किंवा त्याहून अधिक वॉट बऱ्याच अंशी विकृत लहरीचे होते.

मुलाम्याची केबल तूर्त बदललेली नाही. २७ ॲम्पिअरला ती पुरते. गाडीमालकाने पुढे २ ओहमच्या कॉइलचे सबवूफर घेण्याचा विचार बोलून दाखवला आहे. तसे झाल्यास प्रत्येक सबवूफरच्या कॉइल एकसर जोडून प्रत्येकी ४ ओहम आणि दोन्ही मिळून २ ओहम करता येतील, ॲम्प्लिफायर आपले पूर्ण ५०० वॉट देईल आणि मागणी ४५ ॲम्पिअरपर्यंत जाईल. सबवूफर बदलण्याआधी ४ गेजची शुद्ध तांब्याची केबल ओढावी लागेल आणि बॅटरीजवळचा ४० चा फ्यूज त्या केबलच्या मानाने नव्याने निवडावा लागेल. गेनसाठीचा आकडाही ३४.६ ऐवजी ३१.६ व्होल्ट धरावा लागेल.